मिरोफोरा मावशीचा बासष्ट वर्षांचा रांजण

मिरोफोरा मावशीकडं केक मागू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण दर रविवारी कुणीतरी मागतंच आणि बोलणी खाऊन जातं.

आमच्या पेत्रोकाम्पोच्या वळणावर तुतीचं मोठं झाड आहे. त्याच्याखाली तीन टेबलं आणि अकरा खुर्च्या. बारावी मी मोडली होती, तिचं शेवटी सांगते. हे मावशीचं दुकान. लिमासोल शहराहून गाड्या येतात, लोक उतरतात, गॉगल डोक्यावर सारतात आणि म्हणतात, "गोड वाइन आहे ना? मग सोबत काहीतरी गोडच द्या."

मावशी टेबल पुसत राहते. वर बघत पण नाही.

"घरी मधावर साखर भुरभुरवून खाता का तुम्ही?"

"नाही..."

"मग इथं कशाला खाता? बसा. मी देते ते खा."

आणि ती देते. तिच्याकडं वाइन तीनच. ग्लास दीड युरोला, जुनीचा दोन युरोला. त्याहून जास्त भाव तिनं कधी लावला नाही. शहरात हीच वाइन बोटभर बाटलीत भरून भाव कुठल्या कुठं नेऊन विकतात. गेल्या वर्षीची वाइन घेतली की सोबत ताजं पांढरं चीज आणि संत्र्याच्या फोडी. चार वर्षांची घेतली की तव्यावर खरपूस भाजलेलं हलुमी, ते खारट चीज, दाताखाली कुरकुरतं ना, ते. आणि जुनी, काळपट, कडेच्या पिंपातली घेतली की बोकडाचं खारवून उन्हात वाळवलेलं मटण, कागदासारखं पातळ कापलेलं, आणि चार भाजलेले बदाम. खारट आधी, घोट मग. उलटं केलं की ती हातावर चापट मारते. खरंच मारते. एका वकिलाला मारली होती.

केक ती ठेवते, पण तो वाइनसोबत द्यायला नाही. कुणी आपल्या घरची वाइन तिला चाखायला आणून दिली आणि ती बिघडलेली निघाली, तर ती एक घोट घेते, ग्लास खाली ठेवते आणि आत ओरडते, "केक आणा रे!" बस्स. समजायचं ते समजायचं. केक तोंडात असला की काहीही गिळता येतं, असं तिचं म्हणणं. आमच्या गावात बाप्ये त्या एका वाक्याला पाद्रीबाबांपेक्षा जास्त घाबरतात.

आमच्या वाइनमध्ये कुणी साखर घालत नाही. सप्टेंबरात द्राक्षं तोडायची, मळ्यातच जाळ्यांवर पसरायची, आठ-दहा दिवस उन्हात सुकू द्यायची. द्राक्षं म्हाताऱ्यांच्या हातांसारखी सुरकुततात. मग रस काढला की तो इतका गोड असतो, की आंबता आंबता स्वतःच दमतो आणि थांबतो. उरलेली गोडी ती आमची वाइन. मी सोळाव्या वर्षापासून पिकअपमधून द्राक्षं वाहते, मला कुणी शिकवायला नको.

आता रांजणाचं सांगते.

आमच्याकडं मुलगी जन्मली की बाप त्या वर्षीच्या वाइनचा एक रांजण अंगणात पुरतो. तोंडावर सपाट दगड, दगडाभोवती चुना आणि राखेचा लेप. मुलीच्या लग्नाला तो उघडायचा. माझा नाही पुरला, माझ्या बापाकडं तेव्हा रांजणही नव्हता आणि वाइनही, ते जाऊ दे. मिरोफोरा मावशीचा पुरला होता. पावाच्या भट्टीशेजारी. गळ्यापर्यंत मातीत, फक्त तोंड वर. मावशी जन्मली त्या वर्षीचा. आणि ही गोष्ट घडली तेव्हा मावशी बासष्ट वर्षांची.

लग्न का नाही केलं? विचारलं की ती वेगवेगळं सांगते. एकाचे पाय वास मारायचे. एक वाइनमध्ये लिंबाचं सरबत ओतायचा. एक चांगला होता, पण त्याची आई चांगली नव्हती. मला वाटतं तिला कुणी आवडलाच नाही, एवढंच. पण गावाला असं साधं कारण चालत नाही. गावानं रांजणालाच धरलं. कुणाचं काम रखडलं की म्हणायचे, मिरोफोराचा रांजण झाला. पंचायतीचा रस्ता, मिरोफोराचा रांजण. माझं लायसन्स, मिरोफोराचा रांजण. ती ऐकायची आणि दर वर्षी ईस्टरआधी अंगणाला चुना लावताना रांजणाच्या तोंडालाही दोन हात जास्त फिरवायची. कसा पांढराशुभ्र दिसायचा.

मग लोइझोस आला.

लोइझोस म्हणजे कलिंगडांचा ट्रक चालवायचा तो. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, एक मुलगी लंडनला. एका जुलैत त्याचा टायर आमच्या वळणावर बसला. टायर बदलून घामानं निथळत टेबलाशी आला आणि म्हणाला, "ताई, जुनीतला एक ग्लास."

मावशी आत बदाम आणायला वळली तर ह्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत हलुमीचा तुकडा, पुदिन्याच्या पानात गुंडाळलेला. तुकडा मोडला, तोंडात टाकला, नीट चावला आणि मग घोट घेतला. आधी खारट, मग घोट. कुणी न सांगता.

मावशी बशी हातात घेऊन तशीच उभी.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "बस. घाई काय आहे?"

त्या दिवशी तिनं दोनाऐवजी दीडच युरो घेतला. मी समोर होते. मी घरी जाऊन आईला सांगितलं, "मावशी गेली."

"कुठं गेली?"

"कामातून गेली."

चार वर्षं दर रविवारी तो पुडी घेऊन यायचा. मग एका नाताळात त्यानं विचारलं आणि ती हो म्हणाली. गाव चाट पडलं. कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांचा अर्धा विनोदच संपला.

तारीख ठरली ईस्टरनंतरची. मावशीनं ती ढकलली. म्हणे छप्पर दुरुस्त करायचंय. मग ठरली ऑगस्टची, चर्चच्या मोठ्या सणानंतर. तीही ढकलली. म्हणे उकाडा फार आहे. लोइझोस भांडणारा माणूस नाही. पण सप्टेंबर लागल्यावर एक दिवस तो ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मिरोफोरा, माझे गुडघे म्हणजे जुने टायर. मुलगी बोलावतेय. डिसेंबरात लंडनला गेलो तर परत येईन असं वाटत नाही. जायचं का राहायचं, तू सांग."

"सांगते," ती म्हणाली आणि उगाच बदाम निवडायला लागली.

तो गेल्यावर मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही. "मावशी, तो नको असेल तर सांगून टाक त्याला. बिचाऱ्याला कशाला लटकवतेस?"

"तो हवाय गं."

"मग?"

तिनं मानेनं भट्टीकडं दाखवलं. पांढराशुभ्र रांजण.

"लग्न केलं तर तो उघडावा लागेल. सगळ्या गावासमोर. बासष्ट वर्षं झाली, स्तालो. मातीचा रांजण वाइन पितो, दर वर्षी थोडी थोडी. वर रिकामी जागा झाली की हवा शिरते. हवा शिरली की काय होतं, तुला माहितीय."

मला माहीत होतं. व्हिनेगर.

"बाबानं स्वतःच्या हातानं भरलाय तो," ती म्हणाली. "बंद आहे तोवर त्याचा शब्द चांगला आहे. उघडला आणि आंबट निघाला, तर माझ्या लग्नाच्या दिवशी माझा बाप दुसऱ्यांदा मरेल. आणि हे लोक काय म्हणतील? बासष्ट वर्षं थांबली आणि व्हिनेगर निघालं. रांजणाला नाही गं म्हणणार. मला म्हणतील."

"मग उघडू नकोस. तसंच लग्न कर."

"रांजण असून न उघडता?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कपड्यांशिवाय चर्चमध्ये जा म्हणाले.

आणखी एक गोष्ट होती. मावशीचा धाकटा भाऊ एवागोरास. रांजण उघडायचं नाव काढलं की हा माणूस पांढरा पडायचा. "राहू दे ना तसाच. आठवण आहे. कशाला फोडायचा?" त्याच्या स्वतःच्या दोन पोरींच्या लग्नात त्यांचे रांजण उघडले तेव्हा नाचत होता, आणि बहिणीचा आला की राहू दे! गावात कुजबुज होती की त्याला मावशीचं घर हवंय, लग्न नकोय. माझाही विश्वास बसला होता. चुकलं माझं. पण तेव्हा बसला होता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी आम्ही मावशीची द्राक्षं पसरायला वरच्या मळ्यात गेलो. सगळे होते, एवागोरास सोडून. त्याची कंबर धरली होती. त्यात नवीन काही नाही. दर वर्षी द्राक्षं पसरायच्या दिवशी एवागोरासची कंबर धरते. तोडणीला धरत नाही, रस काढायला धरत नाही, नेमकी पसरायलाच. लोक हसतात आणि सोडून देतात.

दहाच्या सुमाराला जाळ्या कमी पडल्या. मावशी म्हणाली, "स्तालो, पळ, घरून दोन घेऊन ये." मी पिकअप काढली. अंगणात शिरले आणि बघते तर काय. एवागोरास. रांजणावर वाकलेला. कंबरेत इतका वाकलेला की माझ्यानं वाकवणार नाही. दगडाच्या कडेचा लेप टोकरलेला, भोकात पोकळ वेळूची नळी आणि हातात हिरवी मातीची सुरई.

मी ओरडले. माझा आवाज मोठा आहे, आणि त्या दिवशी मी तो सगळा वापरला.

"चोर! बहिणीचा लग्नाचा रांजण चोरतोस? निलाजऱ्या! या रे सगळे, बघा ह्याची कंबर!"

"स्तालो, गप, देवाखातर गप," तो म्हणायला लागला. पण समोरच्या कॉफीच्या दुकानातून म्हातारे काठ्या टेकत आले. कुणीतरी मळ्यात फोन केला. पंधरा मिनिटांत मावशी आली. एप्रनला माती, हातात द्राक्षं कापायची कात्री, मागं लोइझोस धापा टाकत.

तिनं नळी बघितली. सुरई बघितली. मग भावाकडं बघितलं.

"बोल."

एवागोरास एकोणसाठ वर्षांचा माणूस, सतरा वर्षांच्या पोरासारखा उभा होता. आणि गोष्ट निघालीही सतराव्या वर्षाचीच.

"मित्रांनी पैज लावली होती," तो म्हणाला. "मी वेळूची नळी घालून एक सुरई काढली. आम्ही पाच जण प्यालो. दुसऱ्या दिवशी इतका घाबरलो. वर जागा राहिली होती, मिरोफोरा. मला माहीत होतं जागा राहिली की काय होतं. काय करावं कळेना. आणि सकाळी बघतो तर रांजणाशेजारी ही सुरई, काठोकाठ भरलेली. बाबाची सुरई. बाबा काही बोलला नाही. कधीच नाही बोलला. मी ती वाइन आत ओतली आणि भोक बुजवलं."

"आणि आज?"

"आज पण ओततोय. काढत नाहीये." त्यानं सुरई तिरकी केली. भरलेली होती. "दर वर्षी किती आटतं ते मला कळेना, म्हणून दर वर्षी बघतो. तू मळ्यात असतेस तो एकच दिवस मिळतो. जेवढी जागा झाली तेवढी भरतो. आदल्या वर्षीची, आपल्या वरच्या मळ्याची. भट्टीतली राख चुन्यात मिसळून लेप लावतो. ईस्टरला तूच त्यावर चुना फिरवतेस, मग काही दिसत नाही."

"दर वर्षी?"

"बेचाळीस वर्षं. लष्करात होतो तेव्हाही सुट्टी काढून आलो होतो."

एक म्हातारा हळूच म्हणाला, "आणि आम्ही बेचाळीस वर्षं ह्याला कंबरेचं तेल देतोय."

मावशीनं पायातली चप्पल काढली आणि भावाला मारली. नेम बरोबर खांद्यावर. मग दुसरी काढली, पण ती हातातच राहिली, कारण तिला हसू आलं. आधी नुसते खांदे हलले. मग ती भट्टीच्या कट्ट्यावर बसली आणि डोळे पुसत हसत सुटली.

"माझा बाप," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला माहीत होतं. पंचवीस-तीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवला आणि चकार शब्द नाही!"

"तू रागावलीस का नाहीस?" एवागोरासनं विचारलं.

"रागावलेय. चप्पल दिसली नाही का? वास कसा येतो आतून? सरळ सांग."

"सरळ सांगू? दर वर्षी नळी काढतो आणि अर्धा तास तिथून हलवत नाही मला."

"प्यालास?"

"त्या पहिल्या रात्रीनंतर थेंब नाही. पोरींची शपथ."

मी एवागोरासची माफी मागितली. सगळ्यांसमोर ओरडले होते, म्हणून सगळ्यांसमोरच मागितली. तो म्हणाला, "तू नसतीस ओरडली तर मी मरेपर्यंत कंबर धरून बसलो असतो." वर त्यानं माझा गाल इतका जोरात ओढला की मला दोन दिवस दुखत होता.

मावशीनं लोइझोसकडं वळून विचारलं, "ऑक्टोबरचा पहिला रविवार चालेल?"

"वास चांगला आला म्हणून?"

"वासावर माझा विश्वास नाही. आंबट निघाली तर निघाली. ओतणारे दोघंही माझेच आहेत."

"मी रांजणाशी लग्न करत नाहीये, हे लक्षात आहे ना?"

"आहे. म्हणून तर विचारतेय."

लग्नाआधी बायकांनी रीतीप्रमाणं गादी शिवली. आमच्याकडं गादी शिवून झाली की तिच्यावर तान्हं पोर लोळवतात, नवराबायकोला मुलं व्हावीत म्हणून. माझ्या मावसबहिणीचं पोर आणलं. मावशी म्हणाली, "अगं माझ्या गादीवर पोर कशाला? मांजर लोळवा, उंदीर तरी पळतील." बायका इतक्या हसल्या की पोर रडायला लागलं आणि गादीवर मुतलं. ते सगळ्यात शुभ, असं माझी आई म्हणाली. मावशी म्हणाली, "धुवायला तूच ये मग."

रविवारी चर्चमधून वरात अंगणात आली. मोठ्या कढईत गहू आणि मेंढीचं मटण पहाटेपासून शिजत होतं. सगळं गाव, वर लोइझोसची लिमासोलची बहीण, चार मजली केक घेऊन. मावशीनं केक बघितला, बाईकडं बघितलं आणि चक्क काही बोलली नाही. तेव्हा मला कळलं ती किती घाबरलीय ते.

दगड हलवायला एवागोरास आणि लोइझोस दोघं वाकले. लेप तडकला. दगड सरकला. अंगणात असा वास सुटला की ढोलवाल्याचा हात थांबला. मनुका, जळलेली संत्र्याची साल, अक्रोड, मधाचं पोळं, आणि खाली कुठंतरी लाकडाच्या धुराचा.

पण वास म्हणजे वास. मावशीचा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून आमचाही नव्हता.

तिनं वाटी बुडवली. लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर फुलांचा मुकुट, बासष्ट वर्षांची बाई. एक घोट घेतला. डोळे मिटले. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. लोइझोसची बहीण बिचारी नवी, तिला काय माहीत, ती केकचा तुकडा बशीत घेऊन पुढं आली. मी मनात म्हणत होते, मावशी, केक आणा म्हणू नकोस, केक आणा म्हणू नकोस.

मावशीनं डोळे उघडले. केककडं बघितलं. मग नवऱ्याकडं.

"पुडी आणलीस का?"

लोइझोसनं नव्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. कागदाची पुडी. हलुमीचा तुकडा, पुदिन्याच्या पानात.

तिनं अर्धा मोडून त्याच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. दोघांनी नीट चावला. मग तिनं वाटी त्याच्या ओठांना लावली.

मी काय सांगू, त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलंच नाही. ढोल वाजला, म्हातारे काठ्या टाकून नाचले, पाद्रीबाबा दोनदा वाटी घेऊन आले आणि तिसऱ्यांदा म्हणाले की पहिल्या दोन मोजू नका. मलाही मिळाली. जिभेवर आधी मीठ, मग ती. आधी ताजी लागते, मग जुनी, मग अजून जुनी, जशी एकेक वर्षं मागून येऊन बसतात. घशाखाली गेली तरी संपत नाही. मावशी टेबलाटेबलाशी जाऊन ओरडत होती, "आधी मटण! आधी मटण, मग घोट! पाहुणीबाई, तुम्ही पण!" लोइझोसच्या बहिणीला स्वतःच्या हातानं सुक्या मटणाचा पापुद्रा भरवला. बाईनं घोट घेतला आणि म्हणाली, "अगं बाई." पुढं तिला सुचलंच नाही. केक पोरांनी खाल्ला. बरा होता म्हणे.

अर्धा रांजण झाल्यावर मावशीनं हात आडवा घातला. "बस. बाकीची राहील." आणि हिरवी सुरई भावाच्या हातात दिली. "भर. आता दिवसाढवळ्या."

लोइझोस लंडनला गेला नाही. मुलगीच नाताळाला आली, दोन बाटल्या घेऊन गेली. आता बारावी खुर्चीही दुरुस्त झालीय, त्यावर तोच बसतो आणि केक मागणाऱ्यांना मावशीआधी तोच झापतो.

गेल्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा द्राक्षं पसरायला निघालो. मळ्यात पोचून मोजलं तर आम्ही चारच जणी. बाकी सगळ्या गावाची कंबर धरली होती. परत येऊन बघते तर सगळे मावशीच्या अंगणात, रांजणाभोवती, हातात आपापल्या घरची सुरई. आणि एवागोरास सगळ्यांना सांगत होता की असं नाही, हळू, नळी अशी धरायची असते.